दाजींची फुली

ता. ६, सोमवार

ताईनं ही वही देताना सांगितलं होतं, रोज दोन ओळी लिहीत जा, नाहीतर सातवीपर्यंतचं शिकलेलंही विसरशील. आतापर्यंत आठ पानं भरली होती. त्यातली तीन नुसत्या शिव्यांची निघाली, ती फाडली. आजपासून नीट लिहिणार.

नवीन काम लागलं. दातांचा दवाखाना. चष्म्याच्या दुकानावरचा मजला, तीन खोल्या आणि मधून बोळ. भिंती विटांच्या नाहीत. पत्र्याचा सांगाडा आणि त्यावर जिप्समचे बोर्ड. ते सगळं दाजींकडे. दाजी म्हणजे ताईचा नवरा. बोर्ड लागले की सांध्यांना टेप, मग पुट्टी, घासणं, प्रायमर आणि रंग, हे माझ्याकडे. दाजी म्हणतात, "हाडं-कातडं माझं, पावडर-लाली तुमची. लोक बघतात तुम्हाला, मेव्हणे. मला कोण बघतंय!"

आम्ही दोघं एका खोलीत राहतो. आठ महिने झाले. त्याआधी मी पाच कामं सोडली होती. शेवटी ताईनं मला यांच्या गळ्यात बांधलं. "याच्या पायाला भिंगरी आहे, जरा जवळ ठेवा," म्हणाली. दाजी म्हणाले, "लग्नात तुझ्या बापानं भांडी कमी दिली होती, त्याची भरपाई आत्ता पाठवलीस होय!"

मुकादम दुसऱ्या मोठ्या कामावर जाणार आहे. त्याच्या जागी इथे दाजींना मिस्त्री करायचं त्याच्या मनात आहे. मिस्त्रीला दोन खोल्यांचं घर मिळतं. मग ताई आणि दोन्ही पोरी इकडेच येतील. सहा वर्षं झाली दाजींना असं एकटं राहून. घर अजून मिळालेलं नाही, पण त्याच्या खिडकीचं माप बाहेरून घेऊन आले आहेत. पडद्यासाठी म्हणे.

ता. ७, मंगळवार

पहिल्या दोन खोल्यांची पुट्टी सुरू.

दातांच्या खुर्चीला पाणी लागतं, बेसिनला लागतं. म्हणजे प्रत्येक भिंतीच्या पोटात पाइप. सरळ गेलेला पाइप सगळ्यांना ठाऊक असतो. एखादा मध्येच तिरका वळवलेला असतो, त्याचा धोका. बोर्ड लावला की तो दिसत नाही. म्हणून दाजी बोर्डावर तिथे पेन्सिलीनं फुली मारतात आणि पाइप जिकडे गेला तिकडे बाण काढतात. पेन वापरू देत नाहीत. शाई लबाड असते, रंगाचे तीन हात दिले तरी वर येते.

पण पेन्सिल पुट्टीखाली जाते. म्हणून नियम असा, की फुली दिसली की आधी तिच्या बरोबर खाली जमिनीवर निळी टेप लावायची, तिच्यावर उंची आणि बाण लिहायचा, आणि मगच बोर्डाला पत्रा लावायचा. पत्रा म्हणजे आमची पुट्टी ओढायची पट्टी. रंग झाला की जमिनीवरची खूण परत भिंतीवर चढवायची. कपाटं ठोकणारा सुतार त्या टेपा बघूनच ड्रिल लावतो.

दाजी म्हणतात, "फुली ही माझी जबान आहे. मी काही सुतारासाठी इथे उभा राहणार नाही." अकरा वर्षांत त्यांची एक फुली चुकलेली नाही. हे मुकादमही मानतो.

ता. ९, गुरुवार

आज मोटारसायकल बघितली! लाल. आरसा फुटका, बाकी पोरगी झकास. मालक म्हणाला पाचपर्यंतच थांबेन. म्हणून तिसऱ्या खोलीचा पुट्टीचा पहिला हात एका दमात मारला, जेवायलाही बसलो नाही. मुकादम म्हणाला, "आज काय अंगात आलंय याच्या?"

बेसिनच्या भिंतीवर एक फुली होती. खाली जमिनीवर कागद अंथरलेला, त्यावर सगळी धूळ. टेप चिकटेना. कागद उचलायचा म्हणजे डबे हलवा, चढायचा घोडा हलवा. म्हटलं, आपल्या लक्षात आहे की. रंग झाल्यावर लावू.

चालवून पाहिली. नाल्यापर्यंत गेलो आणि आलो. असं वाटलं, तसंच पुढे जावं.

ता. १३, सोमवार

घासणं चालू आहे. आधी जाड पेपर, मग बारीक. बॅटरी भिंतीला लागून आडवी धरायची, मग सगळी पापं दिसतात. समोरून उजेड मारला तर काहीच दिसत नाही, भिंत साधूसारखी उभी. हे मला दाजींनी शिकवलं. घासताना पांढरा होतो नुसता. पापण्यासुद्धा. आज दाजींनी फोटो काढून ताईला पाठवला, "तुझा भाऊ पीठगिरणीत कामाला लागलाय."

तिसऱ्या खोलीला प्रायमर झाला. बेसिनची भिंत अशी आली आहे की गाल ठेवावा. मुकादमानं हात फिरवला आणि काही बोलला नाही. तो काही बोलला नाही म्हणजे शाबासकी.

ता. १५, बुधवार

रंगाचा दुसरा हात झाला. फिकट हिरवा. सुतार आला आहे, कपाटं लावतोय. कमी बोलणारा माणूस. मी बोळात रोलर धूत होतो. आतून त्यानं विचारलं, "बेसिनवर काही आहे का मागे?"

मी म्हटलं, "खाली टेप आहे का?"

"नाही."

"मग नाही."

मोटारसायकल दुसऱ्याच कुणीतरी विकत नेली. दिवसभर त्याचंच डोक्यात.

ता. १८, शनिवार

काय लिहू.

सकाळी कुलूप उघडलं तर बेसिनच्या भिंतीला पोट आलं होतं. खरोखरचं पोट. रंगाची कातडी फुगून आत पाणी भरलेलं, बोट लावलं की हलायचं. मुकादमानं चाकूचं टोक लावलं आणि बादलीभर पाणी त्याच्या बुटांवर आलं. तेवढ्यात खालचा चष्मेवाला ओरडत वर आला. त्याच्या छतातून गळत होतं, काचेच्या कपाटावर.

प्लंबरनं बोर्ड कापला. सुताराचा स्क्रू पाइपात आरपार. स्क्रूनंच भोक बंद करून ठेवलेलं, म्हणून तीन दिवस नुसतं पाझरत राहिलं.

मुकादमानं सगळ्यांना उभं केलं. सुतार म्हणाला, "खाली खूण नव्हती." माझ्याकडे बघितलं त्यानं. मीच बोळातून 'मग नाही' म्हणून सांगितलं होतं, हे तो बोलला नाही.

दाजी म्हणाले, "असं कसं? या पाइपावर मी फुली मारली होती." मग माझ्याकडे वळले. अगदी सहज, वेळ विचारावी तसं विचारलं, "होती ना रे?"

मी म्हटलं, "मला काही दिसली नाही."

कसं बोललो मलाच कळलं नाही. तोंडानं आपलं आपण काम केलं.

दाजी म्हणाले, "दिसली नाही?"

"नाही दाजी."

मुकादम म्हणाला, "एक म्हणतो होती, एक म्हणतो नव्हती. भिंतीला काय विचारू?" मग आवाज उतरवून दाजींना म्हणाला, "होतं एखाद्या वेळी." हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

ता. १९, रविवार

सुट्टी. मी धरून चाललो होतो की दाजी मला झापतील. मी बोलायची तयारीही केली होती, की घाई होती, गोंधळ होता, बघितलं असेल नसेल. पण ते माझ्यावर रागावलेच नाहीत.

खाटेवर बसून एकटेच हातवारे करत होते. मी विचारलं काय करताय. म्हणाले, "तो बोर्ड परत लावून बघतोय." मग सांगत गेले. बोर्ड उचलला, खालून पायानं दाबला, पहिला स्क्रू वरच्या कोपऱ्यात. मग माप घेतलं. मग कानावरची पेन्सिल काढली. इथे थांबले.

"काढली ना? का खाली वाकलो तेव्हा ती पडली होती? ते आदल्या दिवशी झालं की त्या दिवशी?"

मी म्हटलं, "जाऊ द्या ना दाजी, झालं ते झालं."

तसं पाहिलं तर माणूस चुकतोच. त्यांच्या नावावर अकरा वर्षांचं चांगलं काम जमा आहे, त्यातून एक चूक वजा झाली तर काय बिघडतं? माझी चूक निघाली असती तर मला कालच हाकललं असतं. त्यांना तर कुणी एक शब्द बोललं नाही. असा विचार केला की थोडं बरं वाटतं. पण जेवण गेलं नाही.

ता. २१, मंगळवार

दाजी सकाळी निघाल्यावर कोपऱ्यावरून परत गेले, कुलूप लावलं का बघायला. लावलेलं होतं. पुन्हा दुकानापाशी थांबले, गॅस बंद केला का? मी म्हटलं, "दाजी, म्हातारे झालात." एरवी याच्यावर मला चार ऐकवली असती. सासरा काढला असता, सासऱ्याचं टक्कल काढलं असतं. आज नुसते "हं" म्हणाले.

दुपारी तळहातावर पेननं काहीतरी लिहिलेलं दिसलं. मी वाचायला गेलो तर मूठ मिटली.

संध्याकाळी आपणहून सांगितलं. त्यांचे वडील एकदा सायकलवरून बाजारात गेले आणि चालत परत आले. घरच्यांनी विचारलं सायकल कुठाय, तर म्हणाले, कुठली सायकल? सगळे हसले. तिथून सुरुवात. शेवटी दाजींनाच विचारायचे, "तुम्ही कुणाचे?"

"तेव्हा ते पन्नाशीचे होते," दाजी म्हणाले. "मला बेचाळिसावं लागलंय."

मी म्हटलं, "एका फुलीवरून काय होतंय!"

तर म्हणाले, "सायकल पण एकच होती."

ता. २३, गुरुवार

मुकादमानं मला जिन्यात गाठलं. "तुझ्या दाजीला काय झालंय? मी मिस्त्रीचं पक्कं सांगायला गेलो तर नको म्हणतो. म्हणतो, वीस माणसांची कामं डोक्यात ठेवायची जबाबदारी मला देऊ नका. मी एक तरी शब्द बोललो का त्याला पाण्यावरून?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

आजकाल मला काहीच माहीत नसतं.

दुपारी ताईचा फोन, माझ्या नंबरवर. ती एरवी दाजींच्या नंबरवर करते. "खरं सांग, तिकडे काय झालंय? हे म्हणतात इतक्यात येऊ नको. पोरींची शाळा बदलायचे कागद करून ठेवलेत मी. त्यांना बरं नाही का?"

"काम जास्त आहे गं. दमतात."

"तू जेवतोस ना?"

म्हणजे हे असं. मी काय करून बसलोय आणि ती मला विचारते, जेवतोस ना.

ता. २४, शुक्रवार

मला एक युक्ती सुचली होती. आता लिहितानाही लाज वाटते.

कापून काढलेला बोर्ड मागच्या बाजूला भंगारात टाकला होता. फुली पुट्टीखाली असणार, कुठे जाणार! तो तुकडा शोधायचा, वरचे थर घासून काढायचे आणि मुकादमाच्या वाटेत उताणा टाकून द्यायचा. तो येता-जाता बघेल. दाजी सुटतील आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. पुट्टी मारणाऱ्याचं लक्ष गेलं नसेल, असं म्हणतील फार तर.

जेवायच्या सुट्टीत गेलो. तुकडा मिळाला. मधे स्क्रूचं भोक, म्हणजे तोच. ओला होता म्हणून रंग आणि प्रायमर सालीसारखा निघाला. पुट्टीचा चिखल झालेला, तो बोटांनीच काढला. खाली राखाडी कागद.

कोरा.

उलटसुलट करून पाहिलं. उन्हात धरला. बॅटरी आणली, आडवी धरली. काही नाही. मग आठवलं. त्या दिवशी पेन्सिलीचा काळा रंग पुट्टीत उतरत होता, हिरव्याखाली डाग दिसेल म्हणून मीच ओल्या फडक्यानं पुसून घेतलं होतं. चांगलं दाबून. काम कसं स्वच्छ पाहिजे!

म्हणजे ती फुली आता जगात कुठेच नाही. माझ्या डोक्यात आहे तेवढीच.

ता. २५, शनिवार

जुन्या कामावरच्या एका दोस्ताला फोन केला. त्याच्याकडे माणूस हवा आहे, सोमवारी ये म्हणाला. बॅग भरली. दोन पँट, चार शर्ट, वही. पाच वेळा भरलेली बॅग आहे, हातालाच सवय झाली आहे.

दाजींनी बघितली. "निघालास?"

"बघतोय."

"बरं केलंस," म्हणाले. "माझ्या नादी लागून तुझ्याही कामाचं नाव खराब व्हायचं. फक्त गेलास की पत्ता लिहून ठेव इथे भिंतीवर. माझ्या लक्षात राहील न राहील."

मी बॅग खाटेखाली सारली. रिकामी केली नाही.

ता. २७, सोमवार

दोस्ताकडे गेलो नाही. कामावर गेलो.

बेसिनच्या भिंतीवर दाजींनी नवीन बोर्ड बसवला. मी पुट्टीचा डबा घेऊन गेलो तर काय बघतो, सगळा बोर्ड फुल्यांनी भरलेला. एका पाइपाला सात फुल्या, सात बाण. कुणी बारक्या पोरानं गिरवावं तसं. सुतार कपाट धरून उभा होता, त्यानं नजर दुसरीकडे वळवली. मुकादम दारात.

दाजी मला म्हणाले, "बघ रे. दिसतात ना? मोठ्यानं सांग. यांच्यासमोर सांग, म्हणजे मग मला..."

मी म्हटलं, "दिसतात."

मग म्हटलं, "तीही दिसली होती."

"कुठली?"

"नऊ तारखेची. मी बघितली होती दाजी. टेप लावली नाही. फुली मीच पुसली."

मला वाटलं होतं आता कानाखाली बसणार. गाल तयार ठेवला होता खरंतर. दाजी जवळ आले आणि माझे दोन्ही दंड धरले.

"कुठे होती?"

"बेसिनच्या वर. हातभर."

"बाण?"

"उजवीकडे. खाली."

"उजवीकडे खाली," ते म्हणाले. मग सुताराकडे बघून म्हणाले, "उजवीकडे खाली! म्हणजे मी मारली होती." आणि पुट्टीच्या डब्यावर बसले. हसत होते. हसता हसता नाक पुसत होते. "शप्पथ घे," म्हणाले. मी घेतली. ताईची. पुन्हा म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून तर बोलत नाहीस ना?"

त्यापेक्षा मारलं असतं तर.

मारायचं काम मुकादमानं तोंडानं केलं. त्यातलं बरंचसं मी फाडलेल्या तीन पानांत होतं. पत्रा माझ्या हातातून काढून घेतला. आजपासून बोर्ड वाहायचे, जिन्यानं. इथल्या रंगाला हात लावायचा नाही. चष्मेवाल्याच्या छताला लागेल तो रंग मीच जाऊन द्यायचा, त्याची माफी मागून, आणि पत्रा परत मिळायचं मगच बोलायचं. सुतार जाता जाता म्हणाला, "मी तुला बोळात विचारलं होतं." एवढंच. त्याचं बरोबर आहे. नऊ दिवस तोही स्वतःचा स्क्रू मोजत बसला असेल.

ता. २८, मंगळवार

चोवीस बोर्ड वर नेले. खांदे गेले.

दाजी काल गाढ झोपले. सकाळी कोपऱ्यावरून मागे वळले नाहीत. तळहात धुतलेला. मुकादमाशी बोळात बोलत होते, मिस्त्रीचंच असावं, मी गेल्यावर गप्प झाले.

माझ्याशी बोलत नाहीत. कालच्या हसण्यात मला वाटलं होतं, सुटलो. ते हसणं त्यांचं होतं, माझा त्यात काही वाटा नव्हता, हे आज कळलं. ताट वाढून देतात, मीठ पुढे सरकवतात, नाव मात्र घेत नाहीत. मेव्हणे नाही, अरे नाही, काही नाही. झोपताना एकच वाक्य बोलले, "तुझ्या ताईला तू सांगायचंस. मी सांगणार नाही."

बॅग रिकामी केली. शर्ट खुंटीला लावले.

ता. ३०, गुरुवार

काल धीर झाला नाही. आज कामावरून आल्या आल्या फोन लावला, हात धुवायच्या आधी. नाहीतर परत उद्यावर गेलं असतं.

सगळं सांगितलं. मोटारसायकल, कागद, टेप, फडकं, "मला दिसली नाही."

ताई म्हणाली, "हे रोज फोन करायचे रे. दिवसातून दोनदा. मला म्हणायचे, मी सांगतो, तू फक्त बरोबर की चूक ते बोल. थोरली किती वाजता झाली. धाकटीला पहिला दात कुठला आला. लग्नात तू कुठल्या रंगाचं नेसली होतीस. माझ्या कपाळावरचा तीळ कुठल्या बाजूला. सगळं बरोबर सांगत होते. मी बरोबर म्हटलं की म्हणायचे, तू मला धीर द्यायला बोलतेस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी इथे पोरींसमोर हसत बरोबर, बरोबर म्हणायचे, आणि मग मोरीत जाऊन बसायचे."

"ताई, शिव्या दे."

"शिव्या दिल्या की तुला मोकळं वाटेल," ताई म्हणाली. "नाही देत."

तिनं फोन ठेवला नाही, मीही नाही. पलीकडे धाकटी कशासाठी तरी हट्ट करत होती. मग ताई म्हणाली, "त्यांना दे."

दाजींना दिला. ते फोन घेऊन बाहेर जिन्यात गेले आणि दार लोटून घेतलं. दार पातळ आहे, सगळं ऐकू येतं. मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, तरी कान तिकडेच. दात विचारला नाही, तीळ विचारला नाही. कामाचं बोलले, हवेचं बोलले, थोरलीच्या वह्यांचं बोलले. प्रश्न एकच ऐकू आला.

"मग, निघतेस कधी?"

मी नळ सोडला आणि सकाळीच धुतलेली ताटं परत धुवायला घेतली.